नगराकडची बाजू वाढवा

आकाश कोणाच्याही मालकीचं नसतं. ते सर्वांचं असतं. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या साहेबांच्या तोंडून, आणि त्या वेळी ते एका केबलवाल्याला आकाशातला त्याचा वाटा का देता येणार नाही, हे समजावून सांगत होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी नेरूळला राहायचे आणि खाडीपलीकडे, उरणच्या बाजूच्या एका टेकडीवर नोकरी करायचे. टेकडीवर मनोरा होता, मनोऱ्यावर रडार होतं आणि रडारखाली आम्ही होतो. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणं हे रडारचं काम, आणि रडारवर नजर ठेवणं हे माझं.

रडारचं तत्त्व सोपं आहे. ते मोठ्याने ओरडतं आणि मग गप्प बसून प्रतिध्वनी ऐकतं. ओरडणं प्रचंड, ऐकणं अतिशय बारीक. माणसांमध्ये हे दोन्ही गुण एकत्र क्वचित दिसतात; बहुतेकांना पहिलाच जमतो. जितक्या ताकदीने ओरडावं तितक्या लांबचं जहाज दिसतं, म्हणून समुद्राकडे तोंड असताना पूर्ण ताकद लागते. याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पण रडारची अँटेना गोल फिरते. समुद्र पाहून झाला की ती बंदर पाहते, मग खाडी पाहते, आणि मग नेरूळ आणि सीवूड्सच्या अर्ध्या बांधून झालेल्या इमारतींकडे तोंड करून तितक्याच ताकदीने ओरडते. त्या इमारतींमधून आजवर एकही जहाज आलेलं नव्हतं. हे मी साहेबांना अनेकदा सांगितलं होतं.

"आलं तर?" साहेब म्हणायचे.

"सर, सेक्टर सहामधून जहाज आलं तर ते आपल्याला नाही, अग्निशमन दलाला कळवावं लागेल."

साहेब विनोदाला हसायचे नाहीत. ते आधी कुठल्याशा मोठ्या सेवेत होते आणि तिथून निवृत्त होऊन, तिथल्या सगळ्या सवयींसकट, आमच्याकडे आले होते. त्यांच्या टेबलावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन असायचा आणि गाडीत मागच्या सीटवर पांढरा टॉवेल. अशुभ शब्द त्यांना चालायचा नाही. आमच्याकडे कोणी 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. ट्रान्समीटर बंद पडला की तो 'विश्रांतीला' असायचा. 'संपलं', 'कमी', 'बंद' हे शब्द उच्चारले की ते डोळे मिटायचे आणि आपण ते शब्द परत घेतल्यावरच उघडायचे. मी कोकणातल्या घरात वाढले. असल्या गोष्टींची मला सवय होती. आमच्याकडे बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ फोडायचे नाहीत, वाढवायचे. वडील रात्री दुकान बंद करून कधीच आले नाहीत. रोज वाढवूनच आले.

आता केबलवाला.

तो खाडीकाठच्या गावातला. आमची इमारत उभी होती ती जमीन त्याच्या घरची भातशेती होती. नवी मुंबईचं नगर वसलं तेव्हा ती नगरात गेली. त्याने गावात आणि आसपासच्या सोसायट्यांत केबलचा धंदा काढला, आणि मोठी डिश बसवली आमच्या गच्चीवर, कारण आजूबाजूला तेवढी उंच गच्ची दुसरी नव्हती. म्हणजे एका अर्थी तो अजून आपल्याच शेतात पीक घेत होता, फक्त चार मजले वर. त्याचा सगळा धंदा त्या एका डिशवर होता. गाव, आमची सोसायटी आणि शेजारच्या तीन इमारती, सगळ्यांच्या वायरी त्या डिशपासून निघायच्या.

एका सकाळी मी ऑफिसच्या बससाठी खाली उतरले, तर तो जिन्यात बसला होता.

"ताई, तुमी त्या टेकडीवर कामाला हाय ना? ती फिरकी तुमचीच ना?"

"माझी नाही. पण हो."

"ती आमच्याकडं तोंड करते ना, तवा हिरोइनच्या अंगावर तांदूल पडतान. परत फिरली की परत पडतान. रोज लगीन लागतंय तिचं."

मी त्याच्याबरोबर गच्चीवर गेले. त्याने तिथे एक छोटा टीव्ही ठेवला होता. पडद्यावर एक बाई रडत होती आणि ठरावीक अंतराने तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची मूठ पडत होती. मी पलीकडे टेकडीकडे पाहिलं. अँटेनाचं तोंड आमच्याकडे वळायचं आणि तांदूळ पडायचे. शंकेला जागा नव्हती.

कारण असं. डिश म्हणजे मोठा कान. उपग्रह आग्नेयेला, म्हणून हा कान आग्नेयेकडे लावलेला. आणि आमची टेकडी दक्षिणेला, म्हणजे कानाच्या बाजूला. उपग्रहाचा आवाज मुंगीच्या पावलांएवढा. आमचं रडार बाजूला उभं राहून बोंब मारत होतं. दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या होत्या, आणि मध्ये बऱ्यापैकी अंतरही होतं. पण नवी मुंबईत फ्लॅट घेतलेल्या कोणालाही विचारा: तीनशे दोन आणि तीनशे तीन कागदावर वेगळे असतात, आणि तीनशे दोनमधला मिक्सर तीनशे तीनमध्येही चालतो.

उपायही सोपा होता. आमच्या नव्या रडारवर वर्तुळाचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळी ताकद देण्याची सोय होती. समुद्राकडे पूर्ण, खाडीकडे अर्धी, नगराकडे बंद. अँटेना नगराकडे वळली की तिने तोंड मिटायचं, एवढंच. एक बटण आणि एक चावी. चावी कंट्रोल रूममध्ये असायची आणि ती फिरवायला साहेबांचा तोंडी हुकूम लागायचा.

मी साहेबांकडे गेले. मला वाटलं होतं, चहा निवायच्या आत काम होईल.

"म्हणजे आपली पॉवर कमी करायची," साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच डोळे मिटले.

"फक्त नगराच्या दिशेला, सर. तिकडे आपल्याला पाहण्यासारखं काही नाही."

"आणि उद्या बाहेर बोलतील, ह्यांची पॉवर कमी केली. कोणी केली? एका केबलवाल्याने."

इथे माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या पॉवरबद्दल बोलतोय. माझी किलोवॅटमध्ये मोजता यायची. मी विषय पुन्हा माझ्या पॉवरकडे वळवायचा प्रयत्न केला, तेव्हा साहेबांनी दुसरा मुद्दा काढला. रडारचं अजून उद्घाटन व्हायचं होतं. ते कित्येक महिने दिवसरात्र फिरत होतं, जहाजं त्याच्या भरवशावर आत येत होती, पण उद्घाटन झालेलं नसल्यामुळे कागदोपत्री ते सुरूच झालं नव्हतं.

"आणि जे सुरूच झालेलं नाही, त्याचा कोणाला त्रास कसा होईल?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधते आहे.

केबलवाल्याला मी एकदा साहेबांसमोर उभं केलं. आकाश सर्वांचं असतं हे वाक्य तेव्हाचं. साहेबांनी त्याला आकाश, राष्ट्र आणि सागरी सुरक्षा यांच्यातलं नातं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मंग सर्वांचं हाय तर थोडं आमच्या बाजूला हलू बोला ना." साहेबांनी त्याला परवाना आहे का विचारलं. त्या दिवसांत केबलवाल्यांना पोस्टात नोंद करावी लागायची. त्याने ती केली होती आणि पावती खिशातच होती. साहेब थोडे निराश झाले.

मग वायरलेस खात्याचा एक अधिकारी पाहणीला आला. त्याने दोन्ही ठिकाणचे आकडे घेतले, आमच्या गच्चीवर बसून कांदाभजी खाल्ली, टीव्हीवर पडणारे तांदूळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि म्हणाला, "दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत. त्यामुळे व्यत्यय नाही."

"पण हा दिसतोय," मी म्हणाले.

"दिसतोय," तो म्हणाला. "पण नाही."

या सगळ्यातून मी एवढंच मिळवलं की नगराकडची बाजू 'प्रायोगिक तत्त्वावर' अर्ध्या ताकदीवर आणली गेली. 'अर्धी' हा शब्दही साहेबांना आवडला नाही. आम्ही त्याला 'संतुलित' म्हणायला लागलो. संतुलित झाल्यावर तांदूळ कमी पडायला लागले, पण पडायचेच. लग्नातून साखरपुड्यावर आलो, एवढंच.

आमच्या सोसायटीला मात्र साखरपुडाही नको होता. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी अलंकारिक होतं, आणि सोसायटीच्या सूचना फलकावर पाण्याची वेळ लिहितानाही ते 'सभासद बंधुभगिनींनो' असं सुरू करायचे. वाशीकडचा एक मोठा केबलवाला त्यांना भेटून गेला होता. त्याचं म्हणणं, गच्चीवर डिश नकोच, माझी वायर खालून येईल, चित्र आरशासारखं.

चेअरमननी मला जिन्यात अडवलं. "वहिनी, तुम्ही शास्त्रज्ञ माणूस. स्पष्ट बोलतो. रविवारी वार्षिक सभा आहे. सभेत टीव्ही लावणार. क्रिकेटचा सामना आहेच. चित्र स्वच्छ असेल तर ह्या मुलाची डिश राहील. ठिपका दिसला, तर विषय संपला."

"काका, तो गेला तर त्याचा पूर्ण धंदा जाईल."

"म्हणून तर संधी देतोय. सोसायटी म्हणजे धर्मशाळा नव्हे आणि प्रयोगशाळाही नव्हे."

केबलवाला जिन्यावर दोन पायऱ्या वर उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मला म्हणाला, "ताई, रविवारी दोन तास. तेवढी ती फिरकी गप बसवा. मंग डिश कोन काढतो ते बघू."

आणि त्याच रविवारी सकाळी रडारचं उद्घाटन निघालं.

दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे येणार होते. साहेबांनी मनोऱ्याला चुना लावला, टेकडीच्या रस्त्याच्या कडेच्या दगडांनाही लावला, आणि मला बोलावून सांगितलं की पाहुण्यांना पडदा 'भरलेला' दिसला पाहिजे. नगराकडची बाजू बंद केली तर पडद्यावर तेवढा भाग काळा दिसतो, पोळीचा एक तुकडा मोडून घेतल्यासारखा. साहेबांना मोडलेली पोळी नको होती. समुद्रात जहाजं थोडी असतात, दूर दूर असतात. इमारती मात्र पडद्यावर झगमगतात. साहेबांच्या मते पाहुण्यांवर छाप पडणार होती ती नेरूळमुळेच.

मी तेव्हा एक व्यवहार केला, आणि तो माझ्या नोकरीतला सर्वांत अवघड होता. पाहुणे असेपर्यंत बाजू आहे तशी संतुलित राहील. पाहुणे निघाले की नगराकडचं रडार पूर्ण बंद, संध्याकाळपर्यंत. साहेबांनी नॅपकिनची घडी सारखी केली आणि ते म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः कंट्रोल रूमला सांगेन."

रविवारी सगळं वेळेच्या बऱ्याच नंतर पण व्यवस्थित झालं. पाहुण्यांनी फीत कापली, नारळ वाढवला, पडद्यावरचा झगमगाट पाहून विचारलं, "ही सगळी जहाजं?" साहेब म्हणाले, "संपूर्ण परिसर, सर." पाहुणे प्रसन्न झाले. जेवायला जाण्याआधी साहेबांनी मांडवातल्या टेबलावरून कंट्रोल रूमला फोन लावला. मी शेजारी उभी होते. नुकताच नारळ झालेला, हार ताजे, गुरुजी अजून दक्षिणेसाठी थांबलेले. साहेब आवाज हळू करून म्हणाले, "पाहुणे जेवायला निघालेत. आता ती नगराकडची बाजू वाढवा."

मी निश्चिंत झाले. आमच्या वडिलांचं दुकान रोज रात्री असंच वाढवलं जायचं.

ऑफिसच्या बसने घरी येईपर्यंत सभा सुरू झाली होती. इमारतीखालच्या स्टिल्टमधल्या, म्हणजे पार्किंगमधल्या, स्कूटर बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. एका कोपऱ्यात सत्यनारायणाचा चौरंग, केळीचे खुंट आणि प्रसादाचा वास, कारण सभेनंतर पूजा होती. वार्षिक सभेला माणसं जमतात ती त्यामुळेच. समोर टेबलावर टीव्ही. केबलवाला टीव्हीजवळ उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली: झालं काम.

त्याने टीव्ही लावला.

तांदूळ नव्हते. पोतं होतं. अँटेना आमच्याकडे वळली की अख्खा पडदा पांढरा व्हायचा, गोलंदाज धावत यायचा आणि चेंडू टाकायच्या आत हिमवर्षावात नाहीसा व्हायचा; सामन्याचं चॅनल मुळात सिनेमाच्या चॅनलपेक्षाही हळू बोलणारं. मागून कोणीतरी म्हणालं, "सामना काश्मीरला आहे का?" सगळे हसले. केबलवाला हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

मी धावत चेअरमनांच्या घरी गेले, कारण तळमजल्यावर फोन त्यांच्याकडेच होता, आणि कंट्रोल रूमला लावला. ड्युटीवर डोंबिवलीचा एक तरुण इंजिनीअर होता, हुशार, सरळ, हुकूम शब्दशः पाळणारा.

"नगराकडची बाजू बंद केली नाहीस?"

"नाही मॅडम. सरांनी वाढवायला सांगितली. अर्धी होती, फुल केली."

"अरे, वाढवा म्हणजे बंद करा!"

"मॅडम, मग बंद करा म्हणजे काय?"

"बंद करा म्हणजेही बंदच करा. हे बघ. दुकान वाढवलं म्हणजे काय?"

"दुकान मोठं केलं."

"नारळ वाढवला?"

"ते वेगळं, मॅडम. ते पूजेत असतं."

मी त्याला म्हणाले, साहेबांना विचार. तो म्हणाला, साहेब पाहुण्यांबरोबर जेवतायत, उठवता येणार नाही. मी म्हणाले, मी सांगते. तो म्हणाला, चावीला साहेबांचा हुकूम लागतो, आणि साहेबांचा हुकूम त्याच्याकडे होता: वाढवा. मुलगा नियमाने अगदी बरोबर होता. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि मध्ये खाडी होती.

"तुझ्या घरी फोन आहे?" मी विचारलं.

"आहे."

"आईला विचार. दुकान वाढवलं म्हणजे काय, एवढंच विचार."

मी चेअरमनांचा नंबर देऊन फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. बाहेर स्टिल्टमध्ये चेअरमनांचा आवाज चढत होता, 'विषय क्रमांक सात' असं काहीतरी. आतून चेअरमनांच्या पत्नीने विचारलं, "वहिनी, साखर वाढलीय, चहा गुळाचा चालेल का?" मी त्यांना जवळजवळ मिठी मारली. मग फोन वाजला.

"मॅडम, आई म्हणाली तुमचं बरोबर आहे. म्हणाली, तुला एवढंही कळत नाही का. वाढवतो."

"अरे बंद कर!"

"तेच, मॅडम."

मी परत आले तेव्हा पडद्यावर गोलंदाज स्वच्छ दिसत होता. इतका की त्याच्या पँटवरचा मातीचा डाग दिसत होता. एकही ठिपका नाही. लोक खुर्च्या पुढे ओढून सामना पाहत होते, आणि कोणीतरी म्हणत होतं, "वा, चित्र किती सुंदर आलंय!"

"आलं ना, काका?" मी चेअरमनांना म्हणाले.

"आलं, वहिनी. पण ठराव झाला. विषय सात आत्ताच मंजूर झाला."

"पण चित्र तर..."

"चित्र ठरावानंतर आलं. इतिवृत्तात तसंच येईल."

केबलवाला वायर गुंडाळत होता. मी त्याला म्हणाले की एका शब्दाचा घोटाळा झाला. तो म्हणाला, "कोनता शब्द?" मी सांगितला. त्याने वायर गुंडाळणं थांबवलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "आमची आई पन असंच बोलते." मग प्रसाद घेऊन निघाला. निघताना 'येतो' म्हणाला.

टेकडीवर नंतर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. डोंबिवलीच्या मुलाने पाळी संपताना फळ्यावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'साहेबांच्या हुकुमाने नगराकडची बाजू वाढवली आहे.' आईकडून शिकलेला शब्द त्याने लगेच वापरात आणला होता. रात्रीच्या पाळीच्या माणसाने फळा वाचला, बाजू बंद दिसली, कोणाची तरी चूक झाली असं समजून त्याने ती पूर्ण ताकदीवर लावली. सोमवारी साहेबांना ते समजलं आणि ते म्हणाले, राहू द्या. पाहुण्यांना पडदा आवडला होता.

आमच्या सूचना फलकावर इतिवृत्त लागलं. चेअरमनांच्या सुवाच्य अक्षरात. ठराव सत्यनारायणाच्या दिवशी, चौरंगासमोर झालेला. त्यामुळे 'हटवावे', 'काढून टाकावे', 'बंद करावे' असले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले होते. विषय क्रमांक सात: 'केबलचालकाने गच्चीवरील आपले दुकान लवकरात लवकर वाढवावे, असे सर्वानुमते ठरले.'

मी ते दोनदा वाचलं. माझ्या मते तो ठराव अगदी स्पष्ट होता.

मंगळवारी सुट्टी होती. सकाळी गच्चीवर आरडाओरड ऐकू आली म्हणून मी वर गेले. केबलवाला आणि गावातले त्याचे चार चुलतभाऊ दोरांनी एक नवी डिश वर चढवत होते. जुनीच्या जवळजवळ दुप्पट. चेअरमन लाल होऊन उभे होते.

"हे काय चाललंय?"

"काका, तुमीच लिवलंय ना," केबलवाला म्हणाला. "दुकान वाढवावं. लवकरात लवकर. आमी तर सोमवारीच आननार होतो, पन टेम्पो नाय भेटला."

"अरे, वाढवावं म्हणजे..." चेअरमन म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य पूर्ण करायचं तर जो शब्द टाळला तोच तोंडात घ्यावा लागला असता, आणि शिवाय ठराव चुकीचा लिहिला हे मान्य करावं लागलं असतं.

"म्हनजे काय, काका?" केबलवाल्याने अगदी आदराने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. त्याची आई असंच बोलते हे मला माहीत होतं, चेअरमनांना नव्हतं.

सर्वानुमते झालेला ठराव बदलायला पुन्हा सभा लागते आणि सभेला गणसंख्या लागते. आमच्या सोसायटीत गणसंख्या फक्त सत्यनारायणाला जमते, आणि सत्यनारायण वर्षातून एकदा असतो. चेअरमन बँकेत होते. हे हिशेब त्यांना मनात करता यायचे. ते खाली उतरून गेले.

केबलवाल्याने छोटा टीव्ही लावला. मी टेकडीकडे पाहिलं. अँटेना फिरत होती, आणि त्या सकाळी ती नगराकडे पूर्ण ताकदीने ओरडत होती, हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. माझ्या पिशवीत नगराकडची ताकद कायमची कमी ठेवण्याबद्दलचा एक सविस्तर प्रस्ताव होता, आलेखांसकट, साहेबांना न दुखवणाऱ्या शब्दांत. अँटेनाचं तोंड आमच्याकडे वळलं. पडद्यावरची बाई रडत राहिली. एकही तांदूळ पडला नाही. अँटेना परत वळली, परत काही नाही.

"ताई, तुमी बंद केली का ती फिरकी?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. डिश मोठी असली की तिला बाजूचं कमी ऐकू येतं.